चराऊ रानाचे गणित आणि काळ : प्रस्तावना

चराऊ रानाचे संगणकावरचे प्रतिमान म्हणजे समीकरणांत मांडलेला हिशेब. जमिनीत पाणी किती मुरले, गवत किती वाढले, जनावरांनी किती खाल्ले, किती वाळून गळून गेले, हे सारे ते दिवसादिवसाने किंवा आठवड्याआठवड्याने पुढे नेत असते. या हिशेबात दोन प्रकारच्या संख्या येतात. गवताचे वजन, मातीतली ओल, कळपाचा आकार या संख्या प्रतिमान स्वतःच बदलत नेते. दुसऱ्या संख्या मात्र आरंभीच ठरवलेल्या असतात : गवत जास्तीत जास्त किती वेगाने वाढते, हेक्टरभर जमीन जास्तीत जास्त किती गवत धरते, एक जनावर दिवसाला किती खाते, कोणत्या गवताला आधी तोंड लावते. या दुसऱ्या संख्यांना प्राचले म्हणतात. अभ्यासकांच्या रोजच्या बोलण्यात ती पॅरामीटर असतात. पहिल्या दिवशी बसवलेली प्राचले तीस-चाळीस वर्षांच्या हिशेबाच्या शेवटापर्यंत तशीच ठेवायची, असा रिवाज आहे. हे पुस्तक त्या रिवाजाची तपासणी करते. मराठवाड्यातल्या चराऊ जमिनींवर तो टिकत नाही, हे माझ्या म्हणण्याचे पहिले अंग. सगळी प्राचले मोकळी सोडल्याने दुखणे बरे होत नाही, उलट वाढते, हे दुसरे. ज्या बदलाचे कारण नाव घेऊन सांगता येते आणि जो बदल प्रतिमानाने आधी न पाहिलेल्या वर्षांवर पारखता येतो, तेवढ्यालाच प्रतिमानात जागा द्यावी. पुढची सगळी प्रकरणे या एका नियमाभोवती रचली आहेत.

स्थिर प्राचलांचा रिवाज आळसातून आलेला नाही, हे आधी सांगायला हवे. १९७५ साली इस्रायली परिस्थितिकीतज्ज्ञ इमॅन्युएल नॉय-मीर यांनी चराईच्या स्थैर्यावर एक निबंध लिहिला. शिकारी आणि भक्ष्य यांच्यासाठी वापरला जाणारा आलेख त्यांनी जनावर आणि गवत यांना लावला. गवत फार थोडे असेल तर वाढ मंद, मध्यम असेल तर सर्वांत वेगवान, आणि रान गच्च भरले की पुन्हा मंद. म्हणून वाढीची रेघ मध्ये फुगते. जनावरांच्या खाण्याची रेघ मात्र आधी चढते आणि पोट भरण्याच्या मर्यादेला येऊन सपाट होते. या दोन रेघा एकाहून अधिक ठिकाणी छेदू शकतात, आणि त्यातून एक विलक्षण निष्कर्ष निघतो : तीच जमीन, तीच जनावरे, तरीही रान दोन वेगळ्या अवस्थांत स्थिरावू शकते, एक गवताळ आणि एक उजाड. दोघांच्या मध्ये एक उंबरठा असतो आणि तो ओलांडला की जनावरे थोडी कमी करून गवत परतत नाही. रॉबर्ट मे यांनी १९७७ मध्ये ‘नेचर’मध्ये हाच विचार अनेक परिसंस्थांपर्यंत नेला. प्राचले स्थिर धरली म्हणूनच हे चित्र कागदावर इतके स्वच्छ उमटले. पण त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे उंबरठा, आणि उंबरठ्याची जागा प्राचलांवरच ठरते. प्राचल सरकले की उंबरठाही सरकतो. ज्या प्रदेशात प्राचले वर्षभर आणि दशकानुदशके सरकत राहतात, तिथे एकदाच काढलेला उंबरठा रानाची राखण करू शकत नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्हा हा अशा प्रदेशाचा नमुना आहे. वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला चार-पंचमांशाहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सातमाळ-अजिंठ्याच्या डोंगरउतारांवर, कन्नड-सोयगावच्या रानांत, वैजापूरकडच्या बरड माळांवर आणि गावोगावच्या गायरानांत मुरमाची उथळ जमीन आहे. ती पाणी फार दिवस धरत नाही. दख्खनच्या या गवताळ पट्ट्याची ओळख पवन्या, शेडा, मारवेल आणि कुसळी या गवतांनी होते. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातल्या गवताळ आच्छादनाचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात हा पट्टा सेहिमा-डायकँथियम या वर्गात येतो. पहिल्या दमदार पावसानंतर काही आठवड्यांत हे माळ हिरवे होतात, ऑक्टोबरात पिवळे पडतात आणि फेब्रुवारीनंतर त्यांवर वाढ जवळजवळ शून्य असते. वाढीच्या वेगाची वर्षाची सरासरी काढून ती बारा महिने वापरणारे प्रतिमान ऑगस्टमध्ये रानाला गरीब ठरवते आणि एप्रिलमध्ये श्रीमंत. दोन्ही चुका एकमेकींना फेडतात असे वाटेल, पण तसे होत नाही. वाढीची आणि खाण्याची समीकरणे सरळ रेषेत चालत नाहीत, म्हणून सरासरी वेगाने काढलेले उत्तर आणि बदलत्या वेगाने काढलेल्या उत्तरांची सरासरी यांत फरक पडतो. जे कळप पावसाळ्यात सहज पोसले जातात, तेच मे महिन्यात ठोंबांच्या बुडख्यापर्यंत पोचतात.

वाढीइतकेच खाण्याचे प्राचलही ऋतूबरोबर बदलते. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कुसळी देते. कोवळी असताना गुरे-मेंढ्या ती आवडीने खातात. फुलोरा येऊन टोकदार कुसळे धरली की तीच कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत रुततात, तोंडाला टोचतात, आणि जनावरे तिला बगल देऊन शेजारच्या मारवेलीवर जातात. म्हणजे कुसळीचा ‘आवडीचा गुणांक’ ऑगस्टमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये दुसरा असतो, आणि त्या बदलाची किंमत मारवेल मोजते. वर्षभर एकच गुणांक ठेवणाऱ्या प्रतिमानाला कुसळी माळावर का पसरते याचे उत्तर देता येणार नाही. पचनाचेही असेच आहे. गवत पिकून वाळते तशी त्यातली प्रथिने झपाट्याने घटतात. चाऱ्यातले प्रथिनांचे प्रमाण साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेले की पोटातल्या सूक्ष्मजीवांचे काम मंदावते आणि जनावराचे खाणेच कमी होते. उन्हाळ्यात वाळले गवत डोळ्यांपुढे असूनही जनावर खंगत जाते, त्याचे कारण हे. आणि चरणारी तोंडेसुद्धा बारमाही तेवढीच नसतात. पाऊस सरल्यावर धनगरांचे मेंढवाडे पठार सोडून चाऱ्याच्या शोधात निघतात, काही कोकणाच्या दिशेने, काही कापणी झालेल्या रानांकडे. शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतो. खरीप निघाल्यावर गुरे धसकटांवर आणि शेळ्या कपाशीच्या पऱ्हाट्यांवर जातात. माळावरचा भार या येण्याजाण्याने महिन्यागणिक बदलतो आणि हा बदल लोकांच्या पंचांगात ठरलेला आहे. नाव घेऊन सांगता येणारे कारण म्हणतात ते हेच.

वर्षावर्षांतला बदल याहून अवघड आहे, कारण तिथे रानाची स्मृती मध्ये येते. एक सोपे, मुद्दाम कल्पिलेले उदाहरण घेऊ. शंभर हेक्टरांचे गायरान आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी हेक्टरी २ टन वाळका चारा होतो, दुष्काळात अर्धा टन. पाच वर्षांत एक दुष्काळ धरला तर सरासरी १.७ टन. निम्मा चारा रानातच राहू द्यायचा, हा सावधपणाचा नियम लावला तर ८५ टन खायला मिळतात. एका मोठ्या जनावराला दिवसाला ६ किलो म्हणजे वर्षाला सुमारे २.२ टन लागतात. म्हणून ३८ जनावरांना हे गायरान पुरेल, असे सरासरीचे गणित सांगते. आता दुष्काळ पडतो. सगळ्या रानात मिळून ५० टन चारा आहे आणि ३८ जनावरांची गरज ८३ टनांची. राखीव ठेवायचा निम्मा भाग तर जातोच, ठोंबही बुडापासून कुरतडले जातात आणि मुळांतला साठा संपतो. पुढच्या वर्षी पाऊस पुरेपूर झाला तरी हेक्टरी २ टन येत नाहीत, दीड टन येतात असे समजा. स्थिर प्राचलांचे प्रतिमान मात्र पावसाचा आकडा पाहून लगेच २ टनांवर परतते. एका चुकलेल्या वर्षाने फार बिघडत नाही. पण मराठवाड्यात दुष्काळ जोडीने येतात. १९७२ चा दुष्काळ हा आधीच्या तुटीच्या वर्षांचा कळस होता. २०१२च्या तुटीनंतर २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पहिल्या वर्षाची जखम भरायच्या आत दुसरे वर्ष येते, तेव्हा विसराळू प्रतिमानाची चूक साठत जाते.

इथे एक भेद करायला हवा, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची शिस्त त्यातच आहे. दुष्काळानंतर वाढीचा वेग घटला, हे नोंदवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वेगाचे प्राचल त्या वर्षापुरते हाताने खाली ओढायचे. दुसरा म्हणजे वेग का घटला हे शोधून ते कारणच प्रतिमानात आणायचे, म्हणजे ठोंबांच्या बुडख्यांनी व्यापलेली जमीन किंवा मुळांतला साठा ही स्वतंत्र, बदलती संख्या म्हणून मोजायची. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कुरणांसाठी घडवलेल्या ‘ग्रास्प’ या प्रतिमानात बुडख्यांच्या व्याप्तीला असेच स्थान आहे. दुसऱ्या मार्गाने गेले की प्राचल पुन्हा स्थिर होते आणि बदलाचा भार योग्य जागी पडतो. म्हणून काळाबरोबर हलणारे प्राचल ही पुष्कळदा एक खूण असते : या ठिकाणी एखादी प्रक्रिया सुटली आहे, ती शोधा. जिथे ती सापडते तिथे तिला समीकरण द्यावे. जिथे ती गायरानाच्या बाहेर, बाजारात, कायद्यात किंवा हवामानात आहे, तिथे प्राचलाला काळाबरोबर हलू द्यावे आणि कोणत्या नोंदीच्या आधारे ते हलते हे लिहून ठेवावे.

दशकांच्या मापाने पाहिले तर बाहेरची कारणे मराठवाड्यात ढळढळीत दिसतात. गायरानाचे क्षेत्र हेच एक प्राचल आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालच्या १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांनी भूमिहीनांचा जमिनीवरचा हक्क पुढे आणला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची दलितांची वहिवाट नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. हा सामाजिक न्यायाचा इतिहास आहे आणि त्याचे मोल चाऱ्याच्या टनांत करता येणार नाही. पण १९६० चे क्षेत्रफळ घेऊन आजचा हिशेब करणारे प्रतिमान या इतिहासाकडे पाठ फिरवते आणि उरलेल्या तुकड्यावरचा भार कमी दाखवते. पिके बदलली : ज्वारीचे क्षेत्र घटले, कापूस आणि सोयाबीन वाढले, आणि ज्वारीबरोबर कडब्याची गंजीही लहान झाली. जनावरे बदलली : पशुगणनेनुसार राज्यातला गोवंश २०१२ मध्ये सुमारे १.५५ कोटी होता, तो २०१९ मध्ये १.४० कोटींवर आला. ट्रॅक्टरने बैलाची जागा घेतली, आणि २०१५ पासून बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यामुळे म्हाताऱ्या जनावरांचे गणित बदलले. रानाची बनावटही बदलली. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले गाजर गवत आज राज्यभर आहे, आणि वेडी बाभूळ व घाणेरी यांनी पडीक जमिनी व्यापल्या आहेत. उपग्रहाला हे सगळे हिरवेच दिसते, जनावराच्या तोंडी मात्र त्यातले फारसे लागत नाही. हिरवाईतला खाण्याजोगा वाटा हे प्राचल स्थिर ठेवले, तर रान खालावत असताना आलेख सुधारणा दाखवील. अशा संथ बदलांचा आणखी एक धोका आहे. उंबरठा सरकून गेल्यावरही जुने ठोंब आणि मातीतले बी यांच्या बळावर रान काही वर्षे पूर्वीसारखे दिसत राहते. ‘गेल्या दहा वर्षांशी प्रतिमान जुळते’ हे प्रशस्तिपत्र म्हणूनच अपुरे आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे : प्राचले हलू दिली तर कोणतेही प्रतिमान कोणत्याही आकड्यांशी जुळवता येईल, मग ते चूक ठरणार कसे? हे अगदी खरे आहे. गवत कमी झाले तर वाढ घटली की खाणे वाढले, हे केवळ गवताच्या वजनावरून सांगता येत नाही. दोन्ही प्राचले मोकळी असली तर असंख्य जोड्या तेच उत्तर देतात. म्हणूनच वर सांगितलेला नियम कडक ठेवला आहे. ऋतूनुसार हलणारे प्राचल पाऊस, तापमान किंवा गवताच्या वयाशी बांधलेले असावे. वर्षानुसार हलणारे प्राचल एका मर्यादित वेगापलीकडे उडी मारू शकणार नाही, अशी अट असावी. आणि सगळ्याची परीक्षा बाजूला काढून ठेवलेल्या वर्षांवर व्हावी : २०१२ पर्यंतच्या नोंदींवर बसवलेल्या प्रतिमानाने २०१५ चा दुष्काळ आणि २०२१ चा अतिवृष्टीचा सप्टेंबर ओळखून दाखवावा. जे बदलते प्रतिमान या परीक्षेत स्थिर प्रतिमानाहून सरस ठरत नाही, ते टाकून द्यावे. स्थिर प्रतिमानही याच परीक्षेला बसवले पाहिजे. केवळ साधे आहे म्हणून त्याला सूट मिळू नये.

दुसरा आक्षेप कोरड्या प्रदेशांच्या अभ्यासातून येतो. एलिस आणि स्विफ्ट यांनी १९८८ मध्ये उत्तर केनियातल्या तुर्काना प्रदेशावरून दाखवले की तिथे पाऊसच सर्व ठरवतो. दुष्काळात जनावरे मरतात, गवताला विसावा मिळतो, आणि चराईचा दाब उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही. मग प्राचलांची एवढी काळजी कशाला, पावसाचे आकडे पुरे! पण मराठवाडा तुर्काना नाही. इथे दुष्काळात कळप कडब्यावर, उसाच्या वाढ्यांवर आणि शासनाच्या चारा छावण्यांत तगतो. इलियस आणि ओकॉनर यांनी १९९९ मध्ये नेमका हा मुद्दा मांडला की कोरड्या काळातल्या राखीव चाऱ्यावर कळप जगत असेल, तर पावसाळी रानावरचा भार रानाच्या स्वतःच्या कुवतीपासून सुटतो. छावणीमुळे उन्हाळ्यात माळाला विसावा मिळतो हे खरे. पण पहिल्या पावसावर छावणी उठली की शाबूत राहिलेला सगळा कळप नेमका त्या आठवड्यांत माळावर येतो, जेव्हा ठोंब मुळांतला उरलासुरला साठा खर्चून कोंब काढत असतात. छावणीने जनावर वाचवलेच पाहिजे. ज्याचे दावणीचे जनावर गेले त्याचा संसार मोडतो. प्रश्न इतकाच की छावणी किंवा दावणीला चारा पावसानंतर आणखी किती आठवडे चालू ठेवला तर रान सावरते. वाढीचा वेग आणि चराईचा भार ही दोन्ही प्राचले आठवड्यागणिक हलवणाऱ्या प्रतिमानालाच हा प्रश्न विचारता येतो. वार्षिक सरासरीत तो प्रश्न मावतच नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : इतक्या नोंदी आहेत कुठे? उत्तर असे की काही गोष्टी नोंदींपेक्षा सवयीमुळे अडल्या आहेत. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्येच सुटला. मोडिसच्या नोंदी २००० पासून आहेत आणि सेंटिनल-२ हा २०१५ पासून १० मीटरांच्या बारकाईने पाहतो. मंडळनिहाय पर्जन्यमापके आहेत, पशुगणना आहेत. उणीव आहे ती जमिनीवरच्या साध्या मोजणीची : कुंपण घातलेल्या आणि चरू दिलेल्या शेजारशेजारच्या तुकड्यांवर दर महिन्याला गवत कापून, वाळवून, जातीवार वजन करण्याची. हे आपल्या देशात नवे नाही. जे. एस. सिंह आणि पी. एस. यादव यांनी कुरुक्षेत्राच्या गवताळ रानाचा ऋतुमानानुसार केलेला अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. महाराष्ट्रात तर गावांनी स्वतः मोठे प्रयोग करून ठेवले आहेत. हिवरे बाजारने चराईबंदी पाळून गवत कापून नेण्याची पद्धत आणली. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीसारखी पाणलोटाची कामे उभी राहिली. चराई थांबवल्यावर किंवा बदलल्यावर वाढीचे प्राचल किती वर्षांत वर चढते, याचे उत्तर अशा गावांच्या शिवारांत मोजून मिळेल.

उरतो तो आक्षेप की मेंढपाळाला हे सगळे ठाऊकच आहे. त्याला ठाऊक आहेच : कुसळी कधी टाळायची, माळ कधी सोडायचा, कोणत्या उतारावर गवत आधी फुटते. त्याच्या वागण्यातच प्राचले हलती आहेत, आणि म्हणूनच त्याचे ज्ञान या पुस्तकात पुराव्याच्या जागी ठेवले आहे. परंतु चराईचे परवाने, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या भोवतालचे निर्बंध, छावण्यांच्या तारखा, ‘पडीक’ म्हणून दाखवलेल्या माळांचे वाटप हे निर्णय मेंढपाळ घेत नाही. ते निर्णय आकड्यांवर होतात, आणि आकडा एकच व स्थिर असला की दोष सोयीने कळपावर ढकलला जातो. रान कशामुळे खालावले, दुष्काळाच्या जोडीमुळे, क्षेत्र घटल्यामुळे, कडबा आटल्यामुळे की जनावरे वाढल्यामुळे, हे वेगळे करून दाखवणारे प्रतिमान मेंढपाळाची बाजू पुराव्यानिशी मांडू शकते, आणि दोष खरोखरच जास्त जनावरांचा असेल तर तेही लपवत नाही.

या पुस्तकाच्या वाचकाकडून त्यामुळे दोन अपेक्षा आहेत. चराऊ रानावरचे कोणतेही प्रतिमान हाती आले की त्यात कोणती प्राचले स्थिर धरली आहेत आणि का, हे आधी विचारावे. जी हलती आहेत त्यांचा वर्षांनुसारचा आलेख आणि हलण्याचे कारण मागावे. आणि ज्यांच्या हाती महाविद्यालयाची प्रयोगशाळा, ग्रामपंचायतीचे गायरान किंवा वनखात्याचे कंपार्टमेंट आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी दोन तुकडे आखावेत, एक कुंपणाचा आणि एक मोकळा, आणि किमान एक दुष्काळ व त्यानंतरची दोन वर्षे त्यांवर दरमहा मोजणी चालवावी. जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात असा एक जोड-तुकडा असला, तर पुढच्या दुष्काळात छावणी कधी उघडायची याबरोबरच ती कधी उठवायची याचेही उत्तर आपल्याच जमिनीवरच्या आकड्यांतून देता येईल.

छत्रपती संभाजीनगर